रजा सहा महिन्यांची, नाव कायमचं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, 'घरात बाळ येतं, पगार कमी होतो, तेव्हा घरकर्ज कसं मिळवायचं?' मी बँकेत नोकरी करत नाही, वकीलही नाही. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे. पण हा प्रसंग माझ्यावर येऊन गेलाय. त्यात काही गोष्टी चुकल्या, काही बरोबर झाल्या. दोन्ही सांगते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची लग्नं ठरतायत, काहींची नुकतीच झालीयत. तुम्हाला उपयोग व्हावा एवढाच हेतू.

आमचं लग्न २०१७ साली झालं. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. लग्नानंतर सहा वर्षांत आम्ही तीन भाड्याची घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा शोधाशोध. फोनवर घर रिकामं असायचं, नाव सांगितलं की 'कालच दिलं हो' म्हणायचे. हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असणार, त्यावर जास्त बोलत नाही. आपलं स्वतःचं घर हवं, ही इच्छा त्यातूनच पक्की झाली.

२०२३ मध्ये ३२ लाखांचा एक फ्लॅट पसंत पडला. मिस्टरांच्या हातात ३८ हजार येत होते, माझ्या २६ हजार. एकूण ६४ हजार. माझी आरडी, दोघांची बचत आणि माझं थोडं सोनं मोडून साडेसात लाख जमले होते. बँकेनं कागद पाहून २८ लाखांचं कर्ज तत्त्वतः मंजूर केलं. घरमालकाला ५१ हजार विसार दिला. तेव्हा मला पाचवा महिना होता.

मग फ्लॅटच्या जुन्या कागदांत एक अडचण निघाली आणि व्यवहार लांबला. मधल्या काळात माझी रजा सुरू झाली. हॉस्पिटलनं सांगितलं, 'रजा बिनपगारी. परत यायचं असेल तेव्हा नवीन अर्ज करा.' मुलगी झाली. आनंद होताच, पण खात्यावर दोन महिने पगाराची नोंद नव्हती. बँकेनं कर्ज देण्याआधी ताज्या पगाराच्या पावत्या मागितल्या आणि गाडी तिथं अडली.

बँकेचं गणित समजून घ्या, ते फार अवघड नाही. महिन्याला हातात येणाऱ्या पैशांतला साधारण निम्मा भाग हप्त्यांत जाऊ शकतो असं बँक धरते. कुठे चाळीस टक्के धरतात, कुठे थोडं जास्त. ९ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी कर्ज घेतलं तर एका लाखाला महिना सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो. हा आकडा लक्षात ठेवा, बाकी हिशेब तोंडी होतो. आमचे ६४ हजार, त्याचे निम्मे ३२ हजार, म्हणजे ३५ लाखांपर्यंत कर्ज बसत होतं. माझा पगार वजा केला की उरले ३८ हजार, निम्मे १९ हजार, म्हणजे २१ लाख. बाळ आलं आणि आमची पत एका झटक्यात १४ लाखांनी उतरली. आम्हाला हवे होते २८. सात लाख कमी पडत होते.

आता खरा प्रसंग सांगते. कर्ज करून देणारे एजंट घरी आले. चांगला माणूस, आमच्याच ओळखीतला. ते मिस्टरांना म्हणाले, 'सर, सोपं आहे. मॅडमचं नाव काढून टाकू. तुमचे भाऊ नोकरीत आहेत ना, त्यांना सहकर्जदार घेऊ. बँक म्हणेल त्यांचंही नाव घराच्या करारात पाहिजे, तर तेही घालू. नाहीतरी मॅडम आता घरीच आहेत.'

थोरले दीर लगेच तयार झाले. सासूबाई म्हणाल्या, 'घर तर घरातच राहणार आहे.' मिस्टरही म्हणाले, 'आता होऊन जाऊ दे, तुझं नाव नंतर लावू.' यात वाईट कुणीच नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. सगळे मदतच करत होते. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते, अंगात ताकद नव्हती, रात्रीची झोप नव्हती. हो म्हणून टाकावं असं मलाही वाटलं. माझे पैसे, माझं सोनं त्या घरात जाणार होतं आणि कागदावर नाव दोन भावांचं येणार होतं.

मी हो म्हटलं नाही, त्याचं कारण माझी अम्मी.

माझे अब्बा २००९ मध्ये वारले. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. अब्बांनी बांधलेलं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. अम्मीनं वीस वर्षं शिलाई करून त्यात पैसे घातले होते, ते कुठल्याच कागदावर नव्हते. आपल्या वारसा कायद्याप्रमाणे हिस्से झाले. मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश. राहिलेलं अब्बांच्या भावांना. चोवीस भाग धरले तर अम्मीचे तीन, आम्हा दोघींचे मिळून सोळा, चुलत्यांचे पाच. चुलते काही वाईट माणसं नव्हती, त्यांनाही मुलींची लग्नं करायची होती. त्यांनी हक्काचं मागितलं. अम्मीनं कर्ज काढून त्यांचे पाच हिस्से विकत घेतले. जे घर तिनं एकदा शिलाईच्या पैशातून उभं केलं, तेच तिनं दुसऱ्यांदा विकत घेतलं.

त्यामुळे 'घर तर घरातच राहणार' हे वाक्य ऐकलं की मला अम्मीचं शिलाई मशीन आठवतं.

त्या रात्री मी मिस्टरांसमोर कागद पेन्सिल घेऊन बसले. भांडायला नाही, हिशेब करायला. समजा २७ लाखांचं घर तुमच्या एकट्याच्या नावावर आहे आणि उद्या तुमचं बरंवाईट झालं. मूल नसतं तर मला पाव हिस्सा मिळाला असता. मूल आहे म्हणून आठवा. म्हणजे कर्ज वगैरे फिटल्यावर ३ लाख ३७ हजार ५०० रुपयांएवढा वाटा. तेच घर दोघांच्या नावावर निम्मं निम्मं असेल, तर साडेतेरा लाखांचं घर आधीच माझं, आणि तुमच्या निम्म्यातला आठवा भाग १ लाख ६८ हजार ७५०. एकूण १५ लाख १८ हजार ७५०. घर तेच, हप्ते तेच, फरक फक्त करारावरच्या एका नावाचा.

ते म्हणाले, 'मी मृत्युपत्र करून ठेवतो.' हेही पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे लागू असलेल्या हनफी कायद्यात मृत्युपत्रानं फक्त एक तृतीयांश मिळकत देता येते, आणि वारसालाच द्यायची असेल तर इतर वारसांची संमती लागते. बायको ही वारसच आहे. म्हणजे ती वाट अरुंद आहे. आणि 'नंतर नाव लावू' म्हणाल, तर कर्ज चालू असताना घर बँकेकडे तारण असतं. मधे मालकी बदलायची तर बँकेची परवानगी, नवा दस्त, पुन्हा खर्च. नंतर कुणी करत नाही. मी तरी केलेलं पाहिलेलं नाही.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'बाळ दोघांचं, रजा तुझी एकटीची, आणि नावही तुझंच जाणार. हे काही बरोबर नाही.' या वाक्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, एजंटला न घेता. साहेब सगळं मिस्टरांकडे पाहून बोलत होते. मी एकच प्रश्न विचारला, 'सहकर्जदार आणि सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?' तेव्हा ते माझ्याकडे वळले.

हा फरक आज इथून जाताना प्रत्येकानं घेऊन जावा. कर्जाच्या करारावर सही करतो तो कर्जदार. त्यानं हप्ते फेडायचे. खरेदीखतावर आणि इंडेक्स टू वर ज्याचं नाव तो मालक. साधारणपणे बँक प्रत्येक मालकाला कर्जदार करून घेते, कारण तारण ठेवायला त्याची सही लागते. पण प्रत्येक कर्जदार मालक असतोच असं नाही. कितीतरी बायका बँकेच्या कागदांवर सह्या करतात, त्यांचा पगार धरून कर्ज मोठं होतं, आणि खरेदीखतावर नाव नवऱ्याचं एकट्याचं. म्हणजे कर्जात भागीदार, घरात पाहुणी.

आणि उलटी गोष्ट, जी मला त्या दिवशी कळली. तुमचा पगार आज धरता येत नसला तरी तुम्ही सहमालक राहू शकता. बँक तुम्हाला सहकर्जदार म्हणून घेते, फक्त पात्रतेच्या हिशेबात तुमचं उत्पन्न शून्य धरते. पगार गेला म्हणून नाव काढायची काही गरज नसते. एजंटला हे माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. त्याला फाइल लवकर संपवायची होती.

प्रश्न राहिला सात लाखांचा. साहेबांनी एक उपाय सुचवला, मुदत २० ऐवजी ३० वर्षं करा, हप्ता उतरेल. ऐकायला बरं वाटतं. हिशेब असा आहे. २५ लाख रुपये, ९ टक्के दर. २० वर्षांना हप्ता सुमारे २२ हजार ५००, एकूण परतफेड जवळपास ५४ लाख. ३० वर्षांना हप्ता सुमारे २० हजार १००, एकूण परतफेड ७२ लाखांच्या वर. महिन्याला दोन हजार चारशे वाचवायला अठरा लाख जास्त मोजायचे. आम्ही नको म्हटलं. काहींना घ्यावंच लागतं, मग निदान पुढे पैसे आले की मुद्दल लवकर फेडा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आम्ही तो फ्लॅट सोडला. विसारातले निम्मे पैसे मालकानं परत दिले, निम्मे गेले. २५ हजार ५००. वाईट वाटलं. महिनाभर त्या गल्लीतून जायचं टाळत होतो. पण आज हिशेब केला तर आयुष्यातला सगळ्यात स्वस्तात घेतलेला धडा तोच.

मग मी पगाराच्या मागे लागले. तेव्हा १९६१ चा मातृत्व लाभ कायदा लागू होता. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना, आस्थापनांना तो लागू होता. प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असलं की बाई पात्र. रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही. मी तिथं तीन वर्षं नोकरी करत होते, आणि आमच्या हॉस्पिटलात फक्त नर्सच तीसच्या वर होत्या.

मी स्वतः हॉस्पिटलात काम करते, दुसऱ्या बायकांची बाळंतपणं पाहते, आणि हा कायदा मला माहीत नव्हता. एका वरिष्ठ सिस्टरनं सांगितला. आम्ही दोघींनी बसून साध्या मराठीत अर्ज लिहिला, पोच घेतली. तीन आठवडे उत्तर नाही. मग कामगार कार्यालयात तक्रार केली. दोन तारखा झाल्या, आणि हॉस्पिटलनं २६ आठवड्यांचा पगार दिला, साधारण दीड लाख रुपये. मी त्याच पदावर परत रुजू झाले.

इथे कुणी म्हणेल, मी कंत्राटावर आहे, मला कोण देतो? २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरच्या कामगार महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क रोजंदारीच्या बायकांनाही आहे. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की कंत्राटाची मुदत संपली तरी मातृत्व लाभ संपत नाही. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांना हा लाभ ईएसआयकडून मिळतो. म्हणून लग्न झालेल्या, होणाऱ्या मुलींनी आपली पगाराची पावती आजच नीट वाचा. काय कापलं जातंय ते बघा. रोख पगार घेत असाल तर खात्यावर मागा. रोखीचा पगार बँकेच्या लेखी नसतोच.

मी रुजू झाले, तीन महिन्यांच्या पावत्या जमल्या आणि आम्ही पुन्हा बँकेत गेलो. काही बँका मालकाचं पत्र दिलं, त्यात पगारी रजा आहे आणि अमुक तारखेला परत रुजू होणार असं लिहिलं असेल, तर रजेवर असतानाही पगार धरतात. काही धरत नाहीत. विचारावं लागतं. गरोदर असल्याचं लपवायची काही गरज नाही, उलट आधीच विचारलेलं बरं. आम्ही आधी विचारलं असतं तर विसार दिलाच नसता.

या वेळी घर निवडताना आम्ही एक नियम केला. दोघांच्या पगारावर कर्ज मिळेल, पण हप्ता एका पगारातून निघाला पाहिजे. २७ लाखांचं घर घेतलं, आधीच्यापेक्षा एक खोली लहान. २२ लाख कर्ज, हप्ता १९ हजार ८०० च्या आसपास. बाकीचे पाच लाख आणि मुद्रांक शुल्क, नोंदणीचे जवळपास दोन लाख बचतीतून. वरखर्चाला कर्ज मिळत नाही, ते रोख लागतात हे विसरू नका. आणि माझ्या रजेचे जे दीड लाख आले होते, त्यातले सहा हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले. त्या खात्याला आम्ही घरात 'बाळाचं खातं' म्हणतो. पुढच्या वर्षी मुलीला न्यूमोनिया झाला, मी दीड महिना बिनपगारी घरी होते, तेव्हा त्यातूनच दोन हप्ते गेले. ते नसतं तर? सलग ९० दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीत खात्याकडे जातं, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराच्या जप्तीच्या वाटेला लागू शकते. एवढ्यापर्यंत गोष्ट जाऊ द्यायची नाही. अडचण आली तर पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जायचं, नंतर नाही.

खरेदीखतावर दोघांची नावं घातली आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असं स्पष्ट लिहून घेतलं. हिस्सा लिहिलेला नसला की पुढे कुणी किती पैसे घातले यावर वाद होतात. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आमचे २७ हजार वाचले असते. पण हप्ते दोघं भरणार, तर नावं दोघांची, असं आम्ही ठरवलं. तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवून करा.

आता तो प्रश्न, जो सभेत कुणी मोठ्यानं विचारत नाही आणि चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारतात. 'आपा, व्याजाचं काय?'

मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. जे आहे ते सांगते. बहुसंख्य उलेमा बँकेच्या व्याजाला रिबा मानतात. पण मतभेद आहेत. १९८९ मध्ये इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी काही बचत प्रमाणपत्रांवरचं व्याज वैध ठरवलं होतं. १९९९ मध्ये युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चनं युरोपातल्या मुसलमानांना राहत्या घराच्या गरजेसाठी, दुसरा मार्ग नसेल तर, व्याजी कर्जाची मुभा दिली. त्यावरही टीका झाली. ब्रिटनमध्ये बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात, ग्राहक हळूहळू बँकेचा वाटा विकत घेतो, अशी पद्धत आहे. आपल्याकडे २००८ मध्ये रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. म्हणजे इथे ती सोय बँकेत नाही.

कुणाला व्याज नकोच असेल तर तो त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, मला त्याचा आदर आहे. माझ्या दोन विनंत्या. एक, हा निर्णय नवरा-बायकोनं मिळून घ्यावा. नवऱ्याच्या मोटारसायकलच्या कर्जाला व्याज चालतं आणि बायकोचं नाव घरावर यायची वेळ आली की ते आठवतं, असं नको. दोन, व्याज टाळायला म्हणून कुणाच्याही तोंडी वायद्यावर पैसे देऊ नका. 'हलाल नफा' सांगून पैसे गोळा करणारी बेंगळुरूची एक कंपनी २०१९ मध्ये बुडाली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची बचत गेली. त्यात मुलींच्या लग्नाचे पैसे होते, विधवांचे पैसे होते. नोंदणी नाही, पावती नाही, हिशेब नाही, तिथे धर्माचं नाव असलं तरी एक पैसा ठेवू नका.

दुसरी तक्रार ऐकते, 'आपल्या मोहल्ल्याला बँका कर्ज देत नाहीत.' ही तक्रार खोटी नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात लिहिलंय की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या नकारात्मक क्षेत्र ठरवल्या होत्या, तिथे कर्ज सहज मिळत नव्हतं. म्हणून घरी येऊन 'आपल्याला कोण देतो' म्हणत बसायचं नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा, ते द्यायला बँक बांधील आहे. पटलं नाही तर आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत. आपण निम्मी लढाई अर्ज न करताच हरतो.

शेवटी थोडक्यात काही कामं सांगते, आजपासून करता येणारी.

आपला पत अहवाल काढा. चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. मोबाइलवरची छोटी कर्जं, हप्त्यावरचे फोन आवरा. महिन्याला तीन हजारांचा हप्ता चालू असेल तर घरकर्ज तीन लाखांनी कमी होतं, ९०० चा हिशेब आठवा. घरात पाहुणा येणार असेल तर आधी दोन महिने एका पगारावर जगून पाहा, दुसरा बाजूला टाका. जमलं तर हप्ता झेपेल, नाही जमलं तर घर लहान बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल, देशात कुठेही पक्कं घर नसेल आणि घेत असलेलं घर ३५ लाखांच्या आतलं असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे, २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. ही योजना २०२४ ची, आमचं कर्ज त्याआधीचं, आम्हाला नाही मिळालं. तुम्ही बँकेत विचारा.

आणि मुलग्यांनो, एक काम खास तुमच्यासाठी. सही करायच्या दिवशी कागद बायकोच्या हातात द्या, तिला वाचू द्या, मग सही करा. अर्धा तास जाईल. रजिस्ट्रार ऑफिसात तसंही थांबावंच लागतं.

बाळंतपणानं पगार कमी होतो, तो सहा महिने, वर्षभर, फार तर दोन वर्षं. कर्ज वीस वर्षांचं असतं. आणि खरेदीखत त्याच्याही पुढचं, आपण गेल्यावर मुलांच्या हातात राहणारं. सहा महिन्यांच्या अडचणीसाठी कायमच्या कागदावरून कुणाचं नाव खोडू नका, एवढंच मला सांगायचं होतं.

परवा अम्मी आमच्याकडे राहायला आली होती. तिला इंडेक्स टू ची प्रत दाखवली. तिला मराठी हळूहळू वाचता येतं. बोट ठेवून तिनं माझं नाव वाचलं, मग कागद घडी करून माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, 'संभाल के रख.' कपाटात ठेवलाय. मुलगी मोठी झाली की तिलाही दाखवेन.

प्रश्न असतील तर विचारा, मोठ्यानं विचारा.